खरा कोण, तोतया कोण?

श्रोतेहो, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची चाल आपल्याकडे गावोगाव आहे. पान तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो आणि घरातली वडील माणसं लगेच बजावतात, ‘हात डोळ्याला लावू नकोस रे!’ या चिकाची धास्ती एकट्या माणसालाच आहे असं नाही. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी उरत नाही, तरी बांधावरची रुई हिरवीगार उभी असते. गुरं तिच्यापाशी जातात, हुंगतात आणि तोंड फिरवतात.

आता या झुडपाची पानं जरा उलटून पाहा. एखाद्या पानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी बहुधा सापडेल. पाठीवर काळ्या दोऱ्यांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. गुरांना नको असलेलं पान ती आनंदाने खात असते, आणि लपण्याची तिला मुळीच घाई नसते. हिचंच पुढे नारिंगी फुलपाखरू होतं. पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरे ठिपके, आणि उडणं असं संथ की वाटावं, स्वारी फेरफटक्याला निघाली आहे. मराठीत याला ‘बिबळ्या कडवा’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने मोठ्या जाणतेपणाने ठेवलं आहे. बिबळ्या हे झालं रूप, आणि कडवा ही झाली चव.

ही चव रुईच्या चिकातून येते. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष असतं. अळीला ते बाधत नाही. उलट ती ते अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं. शिवाय यातले नर खुळखुळ्यासारख्या वनस्पतींच्या वाळक्या भागांवर बसून आणखी एक जातीचं विष गोळा करतात, ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, विष झाडातूनच येतं हे कशावरून? अमेरिकेत याच कुळातलं मोनार्क नावाचं फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या रुईच्या नात्यातल्या, तशाच चिकाळ झाडांवर वाढतात. लिंकन ब्राऊअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या काही अळ्या चक्क कोबीवर वाढवल्या. १९६७ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. कोबीवर वाढलेली फुलपाखरं ‘ब्ल्यू जे’ नावाच्या पक्ष्यांनी खाल्ली आणि पचवली. चिकाच्या झाडावर वाढलेलं फुलपाखरू ज्याने खाल्लं, त्याला मात्र ओकाऱ्या झाल्या. मग तो पक्षी तसल्या रंगाला चोच लावीना. जात एकच आणि रूपही एकच, फरक काय तो अन्नाचा.

आता प्रश्न असा की ज्याच्या अंगात विष आहे, त्याने भडक का दिसावं? हा प्रश्न खुद्द चार्ल्स डार्विनला पडला होता. नराचे रंग मादीला भुलवण्यासाठी, हे त्याने सांगितलं होतंच. पण अळीला कसला नर आणि कसली मादी? तिचं लग्नाचं वय व्हायचं असतं. मग तिला हा थाट कशाला? १८६७ साली त्याने हे आल्फ्रेड रसेल वॉलेसला लिहून विचारलं. वॉलेसचं उत्तर एखाद्या शेतकऱ्यालाही पटेल असं होतं. अळीचं अंग नाजूक. पक्ष्याने चोच मारून, चव आवडली नाही म्हणून टाकून दिली, तरी ती मरणारच. म्हणून नुसतं कडू असून भागत नाही. चोच मारण्याआधीच शत्रूला ते कळलं पाहिजे. भडक रंग ही दारावरची पाटी आहे. वॉलेसने सुचवलं की पक्षी पाळणाऱ्यांनी पडताळून पाहावं. जेनर वेअर नावाच्या एका गृहस्थाने आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपुढे निरनिराळ्या अळ्या टाकल्या, आणि १८६९ साली निकाल सांगितला. मळकट, हिरव्या, गुळगुळीत अळ्या पक्ष्यांनी गट्ट केल्या. भडक अळ्यांकडे बघून त्यांनी मान वळवली.

पाटी लागली की खोटी पाटी लावणाराही निघतोच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे. भाऊसाहेबांना मान होता म्हणून त्यांचा तोतया निघाला. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचा तोतया होऊन कोणाला काय मिळणार?

बिबळ्या कडव्याचा तोतया आपल्याच शिवारात आहे. त्याला छोटा चांदवा म्हणतात. त्यातला नर काळा असतो. पंखांवर पांढरे चांद, त्यांना निळी झाक. मादी मात्र नवऱ्यासारखी दिसतच नाही. ती दिसते नारिंगी, टोकं काळी, त्यांत पांढरे ठिपके, थेट बिबळ्या कडवा! उडतेही तशीच संथ. आणि हिच्या अळ्या कशावर वाढतात? घोळीच्या भाजीवर. जी भाजी आपण डाळ घालून खातो, तिच्यात कसलं आलंय विष? म्हणजे ही बाई कडू नाहीच. ती कडव्याच्या नावावर उधार जगते.

हा प्रकार पहिल्यांदा नीट उलगडून सांगितला तो हेन्री वॉल्टर बेट्सने. हा इंग्लंडमधल्या लेस्टर गावचा. शाळा लवकर सुटली, मोजे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकला आणि सुट्टीच्या दिवशी किडे गोळा करत हिंडला. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. १८४८ साली तो वॉलेसबरोबर ब्राझीलला गेला. वॉलेस चार वर्षांनी परतला, पण बेट्स अॅमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं राहिला. परत आला तो १८५९ साली, म्हणजे डार्विनचं ग्रंथ छापून निघाला त्याच वर्षी. त्याने प्राण्यांच्या चौदा हजारांहून अधिक जाती गोळा केल्या होत्या, आणि त्यातल्या सुमारे आठ हजार शास्त्राला अगदी नव्या होत्या.

त्या पेट्यांमधली फुलपाखरं लावताना त्याला दिसलं की काही नमुने रंगाने एका कुळातले वाटतात, पण पाय आणि शिरा पाहिल्या तर ते भलत्याच कुळातले निघतात. आपल्या मुळ्यावर, कोबीवर जी पांढरी फुलपाखरं भिरभिरतात, त्यांचे हे नातलग. पण त्यांनी कडू फुलपाखरांचा पट्टेरी वेष घेतला होता. आणि खरी गोम पुढेच आहे. नदीच्या खोऱ्यात एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेलं की कडू फुलपाखराचे पट्टे बदलत, आणि त्याच्याबरोबर तोतयाचेही बदलत. १८६२ साली बेट्सचा निबंध छापला गेला, तेव्हा डार्विनला अतोनात आनंद झाला. त्याच्या मताला इतका हातचा पुरावा तोवर मिळाला नव्हता.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘फुलपाखराने नक्कल केली’ असं आपण बोलतो, पण ती नुसती बोलायची रीत झाली. फुलपाखरू आरशात पाहत नाही, ठरवत नाही, शिकत नाही. मग हे घडतं कसं? तुम्ही ज्वारीचं बी कसं ठेवता ते आठवा. खळ्यावर भरदार कणसं निवडून बाजूला काढता, बाकीची मळता. ज्वारीने काही ठरवलेलं नसतं. निवड तुमची असते. चांदव्याच्या बाबतीत निवड पक्ष्यांनी केली. हजार पिलांत दोन-चार जरा वेगळी निपजतातच. त्यांतलं जे कडव्यासारखं दिसलं, त्याच्याबद्दल पक्ष्याच्या मनात शंका आली आणि ते वाचलं. त्याची पिलावळ वाढली. असं पिढ्यान् पिढ्या झालं. मादीच का बदलली, तर अंड्यांच्या ओझ्याने ती जड असते, झाडाझाडाशी रेंगाळते, तिला धोका जास्त, असं मानतात.

कोणी शंका काढील की एकाच हवेत, एकाच उन्हात राहणारे जीव एकसारखे होत असतील. त्यात निवडीचा काय संबंध? ही शंका बेट्सच्या काळीही घेतली जात असे, आणि ती वाजवी आहे. तिचं उत्तर तुमच्या परसातल्या कढीपत्त्यावर आहे.

कढीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. हिचं फुलपाखरू म्हणजे बहुरूपी, इंग्रजीत कॉमन मॉरमॉन. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र आपल्याकडे तीन रूपांच्या. एक रूप नरासारखंच. दुसरं कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखं, आणि तिसरं क्रिमझन रोझसारखं. ही दोन्ही ‘रोझ’ मंडळी ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढतात. आता पाहा. एकाच जातीच्या बहिणी, एकच कढीपत्ता खाऊन, एकाच अंगणात वाढलेल्या. हवा तीच, ऊन तेच, तरी रूपं तीन. मग ऊन आणि हवा हे काही कारण नव्हे. तोतयाला पकडायची एक खूणही सांगून ठेवतो. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, आणि बहुरूपी मादीचं अंग काळंच राहिलेलं असतं. पंख रंगले, पण अंग रंगायचं राहून गेलं. निवड करणाऱ्याच्या नजरेला जितकं पुरतं तितकंच काम इथे झालेलं दिसतं, आणि मला तर ही उणीवच फार मोलाची वाटते.

याहून पक्का पुरावा नकाशावर आहे. क्रिमझन रोझ भारतात आणि श्रीलंकेत आढळतं. तिसऱ्या रूपाची मादीही तिथेच आढळते. बहुरूपी फुलपाखरू पूर्वेला पार जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत आहे, पण तिकडे क्रिमझन रोझ नाही, आणि त्याचा तोतयाही नाही. त्याच जपानी बेटांतल्या मियाको बेटावर तर शास्त्रज्ञांना हे घडताना पाहायला मिळालं. तिथे कॉमन रोझ नव्हतं. १९७० च्या दशकात ते तिथे येऊन स्थिरावलं. त्यानंतर बेटावरच्या बहुरूपी माद्यांमध्ये रोझसारख्या दिसणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. खरा आला, आणि मागोमाग तोतयांना बरे दिवस आले.

एकाच आईच्या पोटी ही निरनिराळी रूपं येतात कशी, याचा उलगडा २०१४ पर्यंत झाला नव्हता असं म्हणायला हरकत नाही. २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रोनफोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही सारी किमया ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकाची आहे. हे जनुक एरवी किड्यांमध्ये नर-मादीचा भेद घडवतं. इथे तेच मादीला वेष चढवतं. हे कुंटे म्हणजे ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारेच.

पण सगळ्याच माद्या तोतया का झाल्या नाहीत? पोलिसाचा वेष घेऊन गावात येणारा बहुरूपी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. वर्षातून एकदा तो आला तर चार माणसं दचकतात. रोज दहा बहुरूपी तसेच येऊ लागले तर कोण दचकेल? उलट खरा फौजदार आला तरी पोरं हसतील. तोतये फार झाले की पक्ष्यांना गोड घासच अधिक मिळतात आणि पाटीचा दरारा संपतो. मग साध्या रूपाच्या मादीचंच फावतं. पुढे फ्रिट्झ म्यूलर या ब्राझीलमध्ये राहणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली आणखी एक प्रकार उलगडला. दोन्ही जाती कडू असूनही एकसारख्या का दिसतात? तर पक्ष्याला शिकवण्यासाठी जे बळी जायचे, ते दोघींत वाटले जातात. यात फसवणूक नाही, भागीदारी आहे.

इथवरच्या गोष्टी गमतीच्या झाल्या. पण असाच एक तोतया आपल्या घरात शिरतो, आणि तिथे जिवाशी गाठ असते. कवड्या नावाचा बिनविषारी साप पाली खायला रात्री घरात येतो. तपकिरी-काळ्या अंगावर पांढरट आडवे पट्टे. मण्यारही रात्री हिंडते, तिच्याही काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीचं विष फार जहाल, आणि तिच्याशी असलेलं हे साम्य कवड्याला वाचवत असलं पाहिजे, असं जाणकार मानतात. जाणता माणूस फरक सांगतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. फरक खरा आहे, पण रात्री कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी तो पाहायला जाऊ नका. आपण आताच पाहिलं की हे साम्य पाहणाऱ्याची नजर चुकावी अशाच रीतीने निवडलं गेलं आहे. घुबड फसतं, तिथे तुम्ही-आम्हीही फसणार. ‘कवड्याच आहे’ म्हणून पट्ट्याचा साप हाताने उचलू नये, आणि ‘मण्यारच आहे’ म्हणून काठी घेऊन त्याच्यामागे लागूही नये. जमिनीवर निजणाऱ्याला मण्यार चावते तेव्हा बहुधा दुखतही नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, शब्द उमटत नाही. अशा वेळी साप कोणता होता याची चर्चा करत, मांत्रिकाकडे हेलपाटे घालत वेळ दवडू नका. थेट दवाखान्यात न्या. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली होती.

आता सहउत्क्रांतीकडे वळू. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. दोन जीव एकमेकांना घडवत जातात. झाडाने चीक आणला, अळीने तो पचवायला घेतला. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली झाडं आणि फुलपाखरं यांच्यातली ही चढाओढ सविस्तर मांडली. तुमच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे पावशा. मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा. तो स्वतः घरटं बांधत नाही. अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. सातभाईंची अंडी निळी, पावशाचंही निळं. जे परकं अंडं वेगळं दिसतं ते बाहेर फेकलं जाण्याची भीती असते, म्हणून यजमानाची नजर जितकी तीक्ष्ण, तितकी पाहुण्याची नक्कल सरस. आणि पावशा उडताना पाहिला आहे ना? पोटावरचे आडवे पट्टे, लांब पट्टेरी शेपूट, उडण्याची ढब, सगळं शिक्रा ससाण्यासारखं. इंग्लंडमध्ये २००८ साली याची परीक्षा झाली. तिथली कोकिळाही ससाण्यासारखी दिसते. पेंढा भरलेली कोकिळा दाण्यापाशी ठेवली, तर लहान पक्षी ससाण्याला भ्यावं तसे तिला भ्याले. पोटावरचे पट्टे झाकले, तेव्हा त्यांची भीती कमी झाली.

शेतकरी बंधूंनो, या निवडीत तुमचाही हात आहे. भाताची निंदणी करताना तुम्ही काय करता? भातासारखं दिसत नाही ते उपटता. जे तण भातासारखं दिसतं, ते हातून सुटतं, पिकतं, झडतं आणि पुढच्या साली पुन्हा उगवतं. इथे पक्ष्याच्या जागी तुम्ही आहात. चीनमधल्या भातखाचरांत सावा कुळातलं एक तण आहे. त्याचे इतर भाऊबंद पसरट आणि बुडाशी लाल असतात. खाचरातलं मात्र उभट, हिरवं, भाताच्या रोपासारखंच. २०१९ साली त्याच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा कळलं की हे रूप साधारण हजार वर्षांपूर्वीपासून, म्हणजे तिकडे भातशेती जोमात आली तेव्हापासून घडत आलं आहे. निंदणाऱ्या हातांनीच ते घडवलं. रशियाचे निकोलाय वाविलोव्ह यांनी अशा तणांकडे लक्ष वेधलं होतं.

आपल्याकडे भातात देवभात माजतं. लहानपणी दोन्ही रोपं सारखीच दिसतात, म्हणून आपल्या देशात एक तोड काढण्यात आली. जांभळ्या पानांचं भात लावायचं. जांभळं ते आपलं, हिरवं ते उपटायचं. सुरुवातीला निंदणी सोपी झाली. पण भाताचा आणि देवभाताचा संकर होतो. त्यातून एखादं रोप जांभळं निपजलं की ते बायांच्या हातून वाचायचं आणि त्याचं बी खाचरात पडायचं. थोड्याच वर्षांत देवभातही जांभळं उगवू लागलं, आणि निंदणाऱ्या बाया पुन्हा पहिल्यासारख्याच रोपामागे रोप वाकवून पाहू लागल्या.